गाणं आणि क्रिकेट: दोन्हींचा इतिहास एकाच माणसानं लिहावा का?

प्रश्न विचारणारे पंचविशीतले आहेत. जुनी हिंदी चित्रपटगीतं आणि जुनं क्रिकेट या दोन्हींवर ते लिहितात. एका संपादकांनी त्यांना बजावलं आहे की दोन डगरींवर पाय ठेवू नका, एकच विषय धरा. हे खरं का, आणि नुसतं आठवणींचं लेखन न करता इतिहासकार व्हायचं असेल तर सुरुवात कुठून करायची, असं त्यांनी विचारलं आहे.

पस्तीसेक वर्षं मी हेच करत आलो आहे. माझ्या एका कपाटात तबकड्या आणि चित्रपटगृहात विकल्या जाणाऱ्या गाण्यांच्या चोपड्या आहेत, दुसऱ्यात धावफलकांच्या वह्या. माझं उत्तर असं, की एक विषय सोडू नका. पण दोन्ही विषय धरायचे तर ते एकमेकांच्या उपयोगी पडले पाहिजेत. सोमवारी गाण्यावर लेख आणि गुरुवारी क्रिकेटवर, एवढंच करणार असाल तर संपादकांचं म्हणणं बरोबर आहे.

असं काम करणारे पूर्वी झालेले आहेत. इंग्लंडमध्ये नेव्हिल कार्डस हे ‘मँचेस्टर गार्डियन’साठी १९१९पासून क्रिकेटवर लिहीत, आणि १९२७पासून त्याच वृत्तपत्राचे प्रमुख संगीतसमीक्षकही होते. आपल्याकडे मुंबईत राजू भारतन यांनी क्रिकेट आणि हिंदी चित्रपटसंगीत या दोन्हींवर आयुष्यभर लिहिलं. मराठीत शिरीष कणेकरांनी याच दोन वेडांवर आपला वाचकवर्ग उभा केला. तिघांचीही लेखणी मला प्रिय आहे. पण इतिहासाच्या दृष्टीनं या तिघांत फरक करायला तुम्ही शिकलं पाहिजे. कार्डस यांनी स्वतःच कबूल केलं आहे की खेळाडूंच्या तोंडी घातलेली काही वाक्यं त्यांनी रचलेली होती. ती वाक्यं त्या माणसाला शोभणारी होती, म्हणून ती एका अर्थी खरीच, असा त्यांचा युक्तिवाद होता. मला तो पटत नाही. ते वाक्य पुढचे दहा जण खरं म्हणून उचलतात आणि त्या खेळाडूचं खरं बोलणं कायमचं झाकलं जातं. कार्डस वाचा, पुन्हा पुन्हा वाचा, पण ही सवय त्यांच्यापाशीच राहू द्या.

भारतन यांच्याकडून मी मोजायला शिकलो. १९७४च्या गिनेस बुकात लता मंगेशकरांच्या नावावर १९४८पासूनची २५,००० ध्वनिमुद्रित गाणी नोंदली गेली. मोहम्मद रफींनी त्याला आक्षेप घेतला, वाद बरीच वर्षं चालला, आणि १९९१च्या सुमारास ती नोंदच पुस्तकातून गेली. या वादात लोक लताबाजू आणि रफीबाजू घेऊन भांडत होते. क्रिकेटचे आकडे तपासायची सवय असलेला माणूस वेगळा प्रश्न विचारतो: इतक्या वर्षांत दिवस किती? २६-२७ वर्षांचे साडेनऊ-पावणेदहा हजार दिवस होतात. म्हणजे एकही सुट्टी न घेता रोज अडीचपेक्षा जास्त गाणी! कानपूरच्या हरमंदिर सिंह ‘हमराज़’ यांनी दर दशकाच्या चित्रपटांची गाणी एकेक करून गीतकोशात नोंदवली, भारतनसारख्यांनी स्वतंत्र मोजणी केली, आणि लताबाईंची हिंदी चित्रपटगीतं पाच हजारांच्या आसपास भरली. यानं त्यांचं मोठेपण कणभरही कमी होत नाही. उलट पाच हजार गाणी प्रत्येकी नाव, चित्रपट, संगीतकार, तबकडीचा क्रमांक यांसह समोर आली की तो डोंगर खरोखर दिसायला लागतो.

आता माझी स्वतःची चूक सांगतो, कारण दोन विषय एकमेकांच्या उपयोगी पडतात म्हणजे काय, हे मला तिथं कळलं.

माझे वडील नेहमी सांगत, “मद्रासला मंकडनं इंग्लंडला लोळवलं ना, त्या संध्याकाळी आम्ही गिरगावात इराण्याकडे बसलो होतो, आणि त्यानं ‘बैजू बावरा’ची तबकडी लावली होती.” भारताचा तो पहिला कसोटी विजय होता. पंचविसावी कसोटी, विजय हजारे कर्णधार, विनू मंकड यांचे ५५ धावांत ८ आणि ५३ धावांत ४ बळी, एक डाव आणि ८ धावांनी जय, तारीख १० फेब्रुवारी १९५२. ही आठवण मी माझ्या एका सुरुवातीच्या लेखात जशीच्या तशी घातली. आठवड्याभरात एका वाचकाचं पोस्टकार्ड आलं. त्यावर एकच ओळ होती: ‘बैजू बावरा’ ऑक्टोबर १९५२मध्ये लागला, फेब्रुवारीत त्याची तबकडी इराण्याकडे कुठून आली?

मला घाम फुटला. तबकड्या कधी कधी चित्रपटाच्या काही आठवडे आधी बाजारात येत, हे धरलं तरी फेब्रुवारी जुळत नव्हता. मी वडिलांशी पुन्हा बोलायला बसलो. वर्ष-महिना विचारलाच नाही. इराण्याच्या दुकानात कुठल्या टेबलाशी बसला होतात, बरोबर कोण होतं, रस्त्यावर काय दिसत होतं, एवढंच विचारत गेलो. बोलता बोलता ते म्हणाले, “गर्दी केवढी! चर्चगेटकडून माणसं चालत येत होती, हातात जेवणाचे डबे, पाण्याच्या बाटल्या.” डबे घेऊन माणसं चालत येत होती, म्हणजे सामना मद्रासला नव्हताच. तो मुंबईत, ब्रेबॉर्न स्टेडियमवर होता. मग वह्या उघडल्या. नोव्हेंबर १९५२, पाकिस्तानविरुद्धची कसोटी, भारताचा दहा गडी राखून विजय, हजारे नाबाद १४६, आणि सामन्यात आठ बळी मंकडचेच. याच सामन्यात मंकडनं कसोटीतल्या १,००० धावा आणि १०० बळी हा दुहेरी टप्पा तेविसाव्याच कसोटीत पूर्ण केला. ‘बैजू बावरा’ लागून तेव्हा महिना-दीड महिना झाला होता. सगळं जुळलं. ‘मंकडनं जिंकून दिलं’ या एका धाग्यानं वडिलांच्या मनात दोन विजय शिवले गेले होते, आणि अधिक मानाचा विजय उरला होता.

वडील खोटं बोलत नव्हते. इराणी खरा होता, तबकडी खरी होती, आनंद खरा होता. तारीख तेवढी सरकली होती. ती चूक पकडली गाण्याच्या तारखेनं, आणि दुरुस्त झाली धावफलकानं. मी फक्त क्रिकेटचा माणूस असतो तर पोस्टकार्ड लिहिणाऱ्याचा मुद्दाच कळला नसता. फक्त गाण्याचा असतो तर वडिलांची अख्खी आठवण चुकीची म्हणून सोडून दिली असती.

या शोधात आणखी एक गोष्ट हाती लागली. त्या संध्याकाळी तबकडीच का, रेडिओ का नव्हता? त्याचं उत्तर त्याच वर्षात आहे. १९५२मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीवरून हिंदी चित्रपटगीतं जवळजवळ हद्दपार झाली. ऐकणारे रेडिओ सिलोनकडे वळले. ३ डिसेंबर १९५२ला तिथं अमीन सयानींची ‘गीतमाला’ सुरू झाली, आणि आकाशवाणीला जाग येऊन विविध भारती सुरू व्हायला ३ ऑक्टोबर १९५७ उजाडलं. हे सगळं चित्रपटसंगीताच्या लेखकांना तोंडपाठ असतं. पण हेच केसकर क्रिकेटलाही इंग्रजी अमलाचं पिल्लू समजत, आणि इंग्रज गेले की हा खेळही ओसरेल असं त्यांचं मत होतं, हे त्यांना सहसा ठाऊक नसतं. क्रिकेटवाल्यांना हे ठाऊक असतं, पण गाण्यांचा भाग ते ओलांडून जातात. दोन्ही समोर ठेवल्यावर केसकर हे गाण्यांचा तिरस्कार करणारे एक हेकट गृहस्थ एवढेच राहत नाहीत. नव्या देशात काय शुद्ध आणि काय उसनं, याविषयी ठाम कल्पना असलेल्या एका पिढीचा माणूस आपल्याला दिसतो. आणि त्याच वर्षी तो देश मंकडवर आणि ‘बैजू बावरा’वर जीव टाकत होता.

पुढच्या काही वर्षांसाठी मी तुम्हाला एकच मोठा विषय सुचवेन: राजाश्रय. त्यावर मन लावून काम व्हायला हवं. बडोद्याचं उदाहरण घ्या. तिथल्या दरबारात गवयांसाठी कलावंत कारखाना नावाचं खातं होतं, उस्ताद फैयाज खाँ दरबारचे गायक होते. त्याच बडोद्याच्या महाराजांच्या आश्रयानं विजय हजारे क्रिकेट खेळत होते. मार्च १९४७च्या रणजी अंतिम सामन्यात बडोद्यालाच हजारे (२८८) आणि गुल महंमद (३१९) यांनी होळकर संघाविरुद्ध चौथ्या गड्यासाठी ५७७ धावांची भागी केली. ती प्रथम दर्जाच्या क्रिकेटमधली कुठल्याही गड्यासाठीची सर्वांत मोठी भागी म्हणून २००६पर्यंत टिकली. प्रतिस्पर्धी होळकर संघही संस्थानचाच. दोन-तीन वर्षांत संस्थानं विलीन झाली. गवई आकाशवाणीच्या दाराशी आले, क्रिकेटपटू रेल्वे, बँका आणि गिरण्या-कंपन्यांच्या नोकऱ्यांत गेले. गायकीच्या इतिहासात मैफल आखडून वीस-तीस मिनिटांच्या प्रसारणात बसली असं वाचायला मिळतं, क्रिकेटच्या इतिहासात कचेऱ्यांच्या संघांचा जमाना आला असं वाचायला मिळतं. ही एकाच तिजोरीला कुलूप लागल्याची दोन फळं आहेत, हे एकत्र कुणी मांडत नाही. तुम्ही मांडा. त्यासाठी दफ्तरखान्यात बसून जमाखर्च वाचावे लागतील, मोडी शिकावी लागेल, आणि ते करताना एकही गाणं किंवा चेंडू आठवडेच्या आठवडे समोर येणार नाही. मला त्या कामात फार सुख मिळालं आहे.

नोंदीवर विश्वास ठेवा असं मी म्हणतो, तेव्हा नोंद कुणाला वगळते हेही पाहा. ‘महल’ (१९४९) मधल्या ‘आयेगा आनेवाला’ या गाण्याच्या पहिल्या तबकडीवर गायिकेच्या जागी ‘कामिनी’ छापलं होतं. ते मधुबालाच्या पात्राचं नाव. नुसतं लेबल वाचणाऱ्याला कामिनी नावाची एक अज्ञात गायिका सापडेल आणि लता मंगेशकर सापडणार नाहीत. तसंच दलित समाजातले गोलंदाज पळवणकर बाळू यांचं. १९११च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले, हे धावफलक सांगतो. पुण्यात त्याच बाळूंना चहाच्या वेळी मंडपाबाहेर वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा दिला जाई, हे कुठल्याही धावफलकात नाही. मुंबईच्या धर्मवार स्पर्धेतल्या हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना कधीच मिळालं नाही. ते १९२३मध्ये त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल यांना मिळालं, आणि विठ्ठल यांनी आपली कहाणी मराठीत लिहून ठेवली. ती मराठीत आहे, म्हणजे तुमच्या-माझ्यावर ती वाचायची जबाबदारी जास्त आहे. लेबलवर नाव कुणाचं आणि नाणेफेकीला कोण जातं, हे दोन्ही अधिकाराचे प्रश्न आहेत. ज्यांना तो अधिकार मिळाला नाही त्यांना शोधणं हे माझ्या मते या कामाचं सगळ्यात जरुरीचं अंग आहे.

आकडे आणि उपकरणं यांचे सापळेही ओळखून ठेवा. जुनी तबकडी ७८च्या वेगाची म्हणतात, पण सुरुवातीच्या काळात ती नेमकी त्याच वेगानं ध्वनिमुद्रित झालेली असेलच असं नाही. आज ७८वर वाजवून ‘बाई काळी चारमध्ये गात’ (म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीच्या सुरात) असं लिहिलंत, तर चूक होऊ शकते. साथीच्या पेटीचा अंदाज, त्याच गायिकेच्या दुसऱ्या तबकड्या, सगळं ताडून पाहावं लागतं. तीन-साडेतीन मिनिटांत संपणारी तबकडी ऐकून त्या गायिकेची बढत, म्हणजे राग टप्प्याटप्प्यानं फुलवणं, कशी होती हे सांगू नका. तिनं तबकडीसाठी ती आखडती घेतलेली असते. क्रिकेटमध्ये अगदी असंच आहे. पूर्वी फलंदाजानं किती चेंडू खेळले हे सर्रास नोंदवत नसत, त्यामुळे तेव्हाच्या आणि आजच्या धावगतीची तुलना बहुतेक वेळा होऊच शकत नाही. ऑस्ट्रेलियात १९७८-७९पर्यंत षटक आठ चेंडूंचं होतं. वाइड आणि नोबॉल गोलंदाजाच्या खात्यावर धरायला सुरुवात १९८०च्या दशकात झाली. गोलंदाजाच्या पृथक्करणाची बेरीज जुळली नाही म्हणून धावफलक चुकीचा ठरवण्याआधी हे माहीत हवं.

गाणं हे क्रिकेटच्या इतिहासाचं साधन म्हणून वापरता येतं का, असाही तुमचा एक उपप्रश्न होता. येतं, आणि छान येतं. १९७१मध्ये वेस्ट इंडिजमध्ये सुनील गावसकरांनी पदार्पणाच्या मालिकेत चार कसोटींत ७७४ धावा केल्या, आणि त्रिनिदादचे गायक लॉर्ड रिलेटर यांनी त्यांच्यावर कॅलिप्सो (चालू घटनांवरचं तिथलं लोकप्रिय गाणं) रचला. तो म्हणतो, आमच्याकडून गावसकर बादच होईना. धावफलक म्हणतो, आठ डावांत पाच वेळा बाद, सरासरी १५४.८०. यातलं खोटं कोण? कुणीच नाही. वेस्ट इंडिजच्या गोलंदाजांनी त्यांना पाच वेळा बाद केलं, आणि तरी तिथल्या प्रेक्षकाला महिनाभर तो मुलगा क्रीझवरून हलला नाही असंच वाटत राहिलं. दुसरी गोष्ट तुम्हाला फक्त ते गाणं सांगू शकतं. हरलेल्या देशातल्या गायकानं पाहुण्या फलंदाजाचं कौतुक रचावं, ही तर त्या समाजाविषयीची मोठीच नोंद आहे. गाण्यातून बातमी घेऊ नका, मन घ्या, आणि शेजारी आकडा ठेवा.

भाषेबद्दल एक कळकळीची विनंती. ‘त्याचा कव्हर ड्राइव्ह म्हणजे यमनातला तीव्र मध्यम’ अशी वाक्यं लिहू नका. मीही लिहिली आहेत, म्हणून सांगतो. अशा वाक्यानं ड्राइव्ह दिसत नाही आणि मध्यमही ऐकू येत नाही. पुढचा पाय कुठं पडला, बॅट किती उशिरा खाली आली, चेंडू कुठल्या दोन क्षेत्ररक्षकांमधून गेला ते सांगा. गाण्याबद्दल लिहिताना मुखडा कुठल्या मात्रेवर उचलला, अंतऱ्यात वाद्यमेळ कुठं थांबला, श्वास कुठं घेतला ते सांगा. तुलना करायचीच असेल तर घडणीची करा. शिवाजी पार्कवर एका गुरूच्या नजरेखाली वर्षानुवर्षं तेच फटके घोटत, बाद होण्याची लाज वाटायला लावत फलंदाज घडवले गेले. घराण्यातली तालीम तशीच होती. दोन्हीकडे शिष्याला आधी काय करायचं नाही ते शिकवलं जाई. ही तुलना तपासता येते, तिच्यासाठी माणसांना भेटता येतं. मारवा रागाची हुरहूर कुठल्या खेळीत होती, हे तपासता येत नाही.

मुलाखतींविषयी वर वडिलांच्या गोष्टीत आलंच आहे, त्यात थोडी भर घालतो. वृद्ध वादक किंवा जुने खेळाडू यांना वर्ष विचारलं की ते तुम्हाला खूश करण्यासाठी एखादं वर्ष सांगून टाकतात. त्याऐवजी विचारा: तेव्हा कुठल्या घरात राहत होता? थोरली मुलगी जन्मली होती का? स्टुडिओत जायला ट्राम होती की बस? बिदागी हातात किती पडली? बिदागीचा आकडा माणूस सहसा विसरत नाही. छायाचित्र दाखवलं तर आधी ते उलटं करून मागचा शिक्का आणि शाईतली अक्षरं पाहा. आणि ऐकलेलं त्याच रात्री लिहून काढा, त्यांच्या शब्दांत. वाक्य सुंदर नसलं तरी तसंच राहू द्या.

सुरुवात लहान करा. तुमच्या घरातल्या किंवा शेजारच्या सर्वांत वयस्कर माणसाकडून अशी एक आठवण मिळवा जिच्यात सामना आणि गाणं दोन्ही आहेत. मग पुण्याला राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जा आणि त्या चित्रपटाची चोपडी मागा. मुंबईत असाल तर मराठी ग्रंथसंग्रहालयात त्या आठवड्याची वृत्तपत्रं काढून पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचा, जाहिरातींसकट. कुठल्या चित्रपटगृहात काय लागलं होतं ते जाहिरातीच सांगतात, आणि सामन्याची बातमी बहुधा जवळच्याच पानावर असते. एका वहीत डाव्या पानावर आठवण लिहा, उजव्या पानावर जे सापडेल ते. पहिल्या वर्षी काही छापू नका. वही भरली की मला दाखवा, मी डाव्या पानापासून वाचायला सुरुवात करीन.